सोनोग्राफी सेंटरच्या पाटीवरचा ‘डॉपलर’ कोण होता? स्कॅनला जाण्याआधी त्याची गोष्ट वाचाच

तुमच्या घराजवळच्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरची पाटी आठवून बघा. सोनोग्राफी, कलर डॉपलर, टू-डी एको... असं काहीतरी लिहिलेलं असतं. मी नवघरचा, म्हणजे आपल्या मीरा-भाईंदरमधल्या भाईंदर पूर्वेचा. असल्या पाट्या मी शाळेत असल्यापासून बघतोय. आणि खरं सांगतो, डॉपलर हे मशीन बनवणाऱ्या एखाद्या जर्मन कंपनीचं नाव असणार, असंच मला कित्येक वर्षं वाटायचं.

मग ताईला आठवा महिना लागला. बाळाची वाढ जरा कमी वाटतेय म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर कलर डॉपलर लिहून दिलं. घरात लगेच तीन मतं! आईला वाटलं, आता बाळाचा रंगीत फोटो मिळणार. भाऊजींचा चेहरा पडला, कारण नवीन नाव म्हणजे नक्कीच काहीतरी गंभीर. आजी म्हणायला लागली की एवढे फोटो काढून बाळाला किरण लागतील. घरातला मोबाइलवाला मी, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी काय केलं? पोटाच्या सोनोग्राफीबद्दल कुठेतरी अर्धवट वाचलं होतं, त्यावरून ताईला सांगितलं की सकाळपासून काही खाऊ नकोस आणि भरपूर पाणी पिऊन ये. बिचारी उपाशीपोटी, लघवी दाबून, दीड तास बाकावर बसली आणि तिला घेरी यायला लागली. आत गेल्यावर कळलं की तिच्या स्कॅनला या दोन्ही गोष्टींची काही गरज नव्हती. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

त्या रात्री मी डॉपलर हा शब्द नीट शोधला. निघाला एक माणूस! तोही १८५३ साली वारलेला, ज्याने सोनोग्राफीचं मशीन कधी बघितलंसुद्धा नाही. आज त्याचीच गोष्ट सांगतो. कारण ती कळली की स्कॅनच्या वेळी मिळणाऱ्या निम्म्या सूचनांचा अर्थ आपोआप लागतो. चला तर मग.

पाथरवटांच्या घरातला अशक्त मुलगा

ख्रिस्तियन डॉपलरचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहरात झाला. संगीतकार मोझार्टचं गाव ते हेच. घराण्याचा पिढीजात धंदा दगडकामाचा होता आणि तो चांगला चालायचा. मुलगा मोठा झाला की छिन्नी-हातोडा हातात घेणार हे ठरलेलंच. पण हा पोरगा लहानपणापासून प्रकृतीने नाजूक. दगडाचं काम त्याला झेपणार नाही हे घरच्यांच्या लक्षात आलं.

मग याचं करायचं काय? सिमॉन श्टाम्फर नावाच्या गणिताच्या शिक्षकांनी त्याची हुशारी ओळखली आणि त्याला व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकला पाठवायचा सल्ला दिला. तिथे तो शिकला, परत साल्झबर्गला आला, शिकवण्या केल्या, आणि १८२९ मध्ये पुन्हा व्हिएन्नाला जाऊन एका प्राध्यापकाचा साहाय्यक झाला. नोकरी तात्पुरती होती, चार वर्षांची. मुदत संपली आणि साहेब रस्त्यावर.

डिग्री आहे, नोकरी नाही

पुढचा भाग वाचताना मला आपल्यातले कितीतरी जण आठवले. वय तिशीचं, शिक्षण भरपूर, नावावर काही लेख, आणि कायमची नोकरी कुठेच मिळेना. जागा निघाली की अर्ज करायचा, परीक्षा द्यायची आणि वाट बघायची. पोट तर भरायला हवं, म्हणून डॉपलरने एका सूतगिरणीत हिशेबनिसाचं काम धरलं. साधारण दीड वर्ष भावी शास्त्रज्ञ सुताचे हिशेब लिहीत होता!

शेवटी वैतागून त्याने देश सोडायचं ठरवलं. अमेरिकेला जायचं म्हणून सामान विकलं आणि १८३५ मध्ये म्युनिकला जाऊन अमेरिकेच्या वकिलातीत चौकशीही केली. आणि ऐन निघायच्या वेळेला प्रागहून बोलावणं आलं, शाळेत गणित शिकवायचं. मोठी नोकरी नव्हती, पण कायमची होती. डॉपलर थांबला. १८३६ मध्ये माथिल्डशी लग्न झालं, पुढे पाच मुलं झाली. १८४१ मध्ये तो प्राग पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाला.

२५ मे १८४२ : मोजक्या लोकांसमोर वाचलेला पेपर

त्या दिवशी प्रागमधल्या विज्ञान सभेच्या बैठकीत डॉपलरने एक लेख वाचून दाखवला. विषय होता जोडताऱ्यांचा रंग. म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे वेगवेगळ्या रंगांचे का दिसतात. ऐकायला अगदी मोजकी माणसं होती.

त्याचा मुद्दा आपल्या भाषेत सांगतो. समजा तुम्ही भाईंदरच्या खाडीत होडीत बसलाय आणि समोरून लाटा येताहेत. होडी लाटांच्या दिशेने पुढे नेली तर एका मिनिटात जास्त लाटा आपटतील. लाटांपासून लांब नेली तर कमी आपटतील. पाण्यातल्या लाटा तेवढ्याच आहेत, फरक तुमच्या हालचालीमुळे पडला. डॉपलरनेही आपल्या लेखात जहाजाचंच उदाहरण घेतलं होतं. त्याचं म्हणणं, जे पाण्याच्या लाटांचं तेच आवाजाचं आणि तेच प्रकाशाचं. लहरी सोडणारा आणि लहरी घेणारा यांच्यातलं अंतर कमी होत असेल तर लहरी दाट मिळतात, वाढत असेल तर विरळ. आणि हा फरक मोजला की वेग कळतो. बस, एवढंच! यालाच आपण डॉपलर परिणाम म्हणतो.

आता गंमत ऐका. तत्त्व शंभर टक्के बरोबर होतं, पण ज्या कामासाठी त्याने ते मांडलं तेच चुकलं. त्याला वाटलं की ताऱ्यांचे रंग त्यांच्या वेगामुळे दिसतात. प्रत्यक्षात ताऱ्यांचे वेग प्रकाशाच्या मानाने इतके कमी असतात की डोळ्यांना रंग बदललेला दिसणारच नाही. ताऱ्याचा रंग मुख्यतः त्याच्या तापमानावर ठरतो. म्हणजे डॉपलर नेमका रंगाच्या बाबतीत फसला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आगगाडीवर बसलेले तुतारीवाले

तत्त्व खरं की खोटं हे तपासायचं कसं? त्या काळात वेगाने जाणारी एकच गोष्ट हाताशी होती, ती म्हणजे आगगाडी. १८४५ मध्ये हॉलंडमधल्या उट्रेख्त शहराजवळ बाइस बालॉट नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने एक भन्नाट प्रयोग केला. तुतारी वाजवणारे काही जण गाडीवर बसवले आणि सुरांची चांगली पारख असलेले काही जण रुळांच्या कडेला उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न खराब हवेमुळे फसला, पण जूनमध्ये जमलं. गाडी जवळ येताना तोच सूर चढा ऐकू आला आणि लांब जाताना उतरलेला. आवाजाच्या बाबतीत डॉपलर बरोबर ठरला. ताऱ्यांच्या रंगाचं मात्र बाइस बालॉटला पटलं नाही, आणि त्यात तोही बरोबर होता.

हा प्रयोग आपल्याला तर रोज फुकटात बघायला मिळतो. भाईंदर स्टेशनवर न थांबता जाणारी लांब पल्ल्याची गाडी भोंगा वाजवत येते ना, ती समोरून गेली की आवाज एकदम खाली येतो. समजा भोंगा ४०० हर्ट्झचा आहे आणि गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर. येताना तुम्हाला साधारण ४३५ हर्ट्झ ऐकू येईल आणि जाताना ३७० च्या आसपास. मोटरमनने भोंग्याला हात लावलेला नसतो, फरक फक्त वेगाचा.

फोनवर करून बघायचं असेल तर फायफॉक्स नावाचं मोफत अ‍ॅप आहे, त्यात डॉपलरचा प्रयोग तयारच दिलेला आहे. फक्त स्टेशनवर रेकॉर्डिंगच्या नादात पिवळ्या पट्टीच्या पुढे जायचं नाही हं!

शेवटची वर्षं

एवढं मोठं तत्त्व सांगितलं म्हणून डॉपलरचं आयुष्य सुखाचं झालं असं नाही. प्रागमध्ये शेकडो मुलांच्या तोंडी परीक्षा, वर तक्रारी की हा फार कडक आहे, आणि तब्येत सारखी ढासळणारी. मध्ये बरेच दिवस आजारपणाची रजा घ्यावी लागली. १८४७ मध्ये तो आजच्या स्लोव्हाकियातल्या एका खाण-विद्यालयात गेला, पण १८४८ च्या क्रांतीची धामधूम सुरू झाली आणि तिथूनही हलावं लागलं. १८५० मध्ये मात्र व्हिएन्ना विद्यापीठात नवी भौतिकशास्त्र संस्था निघाली आणि तिचा पहिला संचालक म्हणून त्याची नेमणूक झाली. तिथे त्याच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे जगप्रसिद्ध झाला. वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल तो हाच.

पण इथेही शांतता नव्हती. योसेफ पेट्झव्हाल हा गणितज्ञ त्याच्याविरुद्ध उभा राहिला. पेट्झव्हाल साधा माणूस नव्हे, फोटो काढायच्या पोर्ट्रेट लेन्सचं गणित बसवणारा. आपल्या फोनमधल्या पोर्ट्रेट मोडचा पणजोबाच म्हणा ना! त्याचा आक्षेप असा होता की इतक्या सोप्या समीकरणातून कुठे मोठं विज्ञान निघतं का. १८५२ मध्ये हा वाद अकादमीत रंगला आणि डॉपलरची बाजू पडती ठरली.

तोपर्यंत फुफ्फुसांच्या आजाराने त्याला पोखरलं होतं. उबदार हवेसाठी तो व्हेनिसला गेला, पण उपयोग झाला नाही. १७ मार्च १८५३ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, तो तिथेच वारला. बरोबर ३० दिवसांनी, १६ एप्रिल १८५३ ला, आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली. ज्या आगगाडीने त्याचं म्हणणं सिद्ध केलं ती मुंबईत आली तेव्हा तो नुकताच गेला होता.

मग हा माणूस सोनोग्राफीत कसा आला?

शंभर वर्षं मध्ये टाकूया. १९५० च्या दशकात जपानमधल्या ओसाका इथे शिगेओ सातोमुरा यांनी हृदयाची हालचाल टिपण्यासाठी अल्ट्रासाऊंड आणि डॉपलरचं तत्त्व एकत्र आणलं. रक्ताचा प्रवाह स्क्रीनवर रंगात दाखवणारी मशीन १९८० च्या दशकात आली.

मशीन कसं चालतं ते थोडक्यात. डॉक्टर हातात धरतात त्या प्रोबमध्ये खास स्फटिक असतात. त्यांना वीज दिली की ते थरथरतात आणि आवाज सोडतात. परत आलेला आवाज आपटला की उलट वीज तयार करतात. हा गुणधर्म पियरे आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये शोधला. आपल्याला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, प्रोबचा आवाज असतो काही दशलक्ष हर्ट्झचा. तो शरीरात सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो, अवयवांवरून परत येतो, आणि परत यायला किती वेळ लागला यावरून काळं-पांढरं चित्र बनतं. ही झाली साधी सोनोग्राफी. यात एक्स-रेसारखे किरण अजिबात नसतात, त्यामुळे आजीची भीती तिथेच संपली.

डॉपलरमध्ये पुढचा प्रश्न विचारला जातो. परत आलेला आवाज चढला की उतरला? आवाज आपटतो धावणाऱ्या तांबड्या पेशींवर. पेशी आधी चालती ऐकणारी असते, मग तोच आवाज परत पाठवणारी चालती भोंगेवाली होते. म्हणून फरक दोनदा पडतो. उदाहरण घ्या : ५० लाख हर्ट्झचा आवाज, रक्ताचा वेग सेकंदाला ५० सेंटिमीटर, प्रोबचा कोन ६० अंश. फरक येतो साधारण १६०० हर्ट्झचा. हा आकडा आपल्या कानाच्या टप्प्यात बसतो! म्हणूनच मशीनमधून सूंऽ-सूंऽ असा आवाज ऐकू येतो. मूळ आवाज आपल्याला ऐकू येणं शक्यच नाही, आपण ऐकतो तो फक्त डॉपलरचा फरक.

लाल म्हणजे शुद्ध रक्त नाही!

आता ती रंगाची गोष्ट आठवा. डॉपलर रंगात फसला होता आणि आपणही नेमके तिथेच फसतो. स्क्रीनवर लाल-निळं दिसलं की आपल्याला शाळेतल्या पुस्तकातली आकृती आठवते, लाल शुद्ध आणि निळं अशुद्ध. तसं काही नसतं. मशीनला रक्ताचा रंग दिसतच नाही. नेहमीच्या मांडणीत प्रोबच्या दिशेने येणारा प्रवाह लाल आणि लांब जाणारा निळा दाखवतात. प्रोब उलट्या बाजूने धरला तर तीच रक्तवाहिनी लालऐवजी निळी दिसेल. डॉक्टरांना बटण दाबून हे रंग उलटही करता येतात.

त्यामुळे कलर डॉपलर म्हणजे बाळाचा रंगीत फोटो नाही, आणि साध्या सोनोग्राफीपेक्षा भारी म्हणून करून घ्यायची गोष्टही नाही. रक्त कुठून कुठे, किती वेगाने जातंय हा ज्याचा प्रश्न आहे, त्याच्यासाठी ते आहे.

ताईच्या बाबतीत प्रश्न होता नाळेतल्या रक्तवाहिनीचा. बाळाचं हृदय तिथून वारेकडे रक्त ढकलतं. सगळं ठीक असेल तर दोन ठोक्यांच्या मधल्या काळातही रक्त पुढे वाहत राहतं. वारेत अडथळा वाढला तर तो मधला प्रवाह कमी होतो, फारच बिघडलं तर थांबतो किंवा उलटा फिरतो. मग डॉक्टरांना प्रसूती कधी करायची याचा निर्णय घ्यावा लागतो. रिपोर्टवर पीआय, आरआय, एस-डी रेशो असे जे आकडे असतात, ते याच चढ-उताराचे. आईला जो रंगीत फोटो वाटला होता, तो खरं तर बाळाला पुरेसं मिळतंय का याचा हिशेब होता.

स्कॅनला जाण्याआधी हे लक्षात ठेवा

आधी एक नियम. तयारी स्कॅनप्रमाणे बदलते. माझ्यासारखं अर्धवट वाचून सांगू नका, अपॉइंटमेंट घेतानाच सेंटरला फोन करून विचारा. साधारण चित्र असं असतं :

• पोटाचा वरचा भाग (यकृत, पित्ताशय) : सहसा ६ ते ८ तास उपाशी. जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावतं आणि पोटात गॅस वाढतो. गॅसमधून हा आवाज पुढे जात नाही, त्यामुळे मागचं काही दिसत नाही. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांच्या डॉपलरलाही बहुधा याच कारणासाठी उपाशी बोलावतात.

• ओटीपोट, लघवीची पिशवी, गर्भाशय : पाणी पिऊन पिशवी भरलेली लागते. पाण्यातून आवाज सहज जातो, म्हणून भरलेली पिशवी खिडकीसारखी काम करते. योनीमार्गातून स्कॅन असेल तर उलट, पिशवी रिकामी करून जायचं. अशा तपासणीआधी तुम्हाला नीट सांगून तुमची संमती घेतली पाहिजे, आणि सोबत एखादी स्त्री हवी असं तुम्ही म्हणू शकता.

• शेवटच्या महिन्यांतलं गर्भारपण : सहसा उपाशी राहायची किंवा लघवी दाबायची गरज नसते. थोडं खाऊन जा. आमच्या ताईला विचारा!

• पायाचं डॉपलर : खास तयारी नसते. सैल कपडे घाला, घट्ट जीन्स नको.

• मानेचं डॉपलर : गळ्यातलं काढून ठेवा, कॉलर मोकळी असू द्या.

• मधुमेह किंवा रोजच्या गोळ्या : उपास करायच्या आधी डॉक्टरांना विचारा आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. मनाने गोळी बंद करू नका.

• जुने रिपोर्ट : सोबत घ्या, विशेषतः वाढ तपासायची असेल तेव्हा. आजचा आकडा मागच्या आकड्याशी जुळवूनच त्याला अर्थ येतो.

आत गेल्यावर थंड जेल लावतात. प्रोब आणि कातडी यांच्यात हवा राहिली तर आवाज तिथूनच परत फिरेल, म्हणून ते. मग श्वास रोखा, हलू नका असं सांगतात. आता तुम्हाला कारण माहीत आहे. डॉपलर हालचालच मोजतो ना? तुम्ही हललात तर रक्ताच्या हालचालीत तुमची हालचाल मिसळते. आणि डॉक्टर प्रोब सारखा तिरका का करतात? आगगाडी बरोबर आपल्या समोर असते त्या क्षणी आवाज ना चढा ना उतरता. तसंच प्रोब रक्तवाहिनीला काटकोनात असेल तर फरक मिळतच नाही आणि वाहतं रक्तही थांबल्यासारखं दिसतं. म्हणून कोन महत्त्वाचा, आणि म्हणूनच हे काम करणाऱ्याच्या हातावर खूप अवलंबून असतं.

सुरक्षिततेचं एक टोक सांगायला हवं. डॉपलरमध्ये साध्या सोनोग्राफीपेक्षा जास्त ऊर्जा एका जागी पडू शकते. म्हणून गर्भारपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत तो सरसकट वापरत नाहीत, गरज असेल तर थोडाच वेळ वापरतात. स्क्रीनच्या कोपऱ्यात टीआय असा आकडा दिसतो, तो ऊतक किती तापू शकेल याचा अंदाज देतो आणि डॉक्टरांचं लक्ष त्यावर असतं. डॉक्टरांनी कारणासाठी सांगितलेला स्कॅन जरूर करा, हौस म्हणून नको.

आधार कार्ड कशाला, फोन बाहेर का?

ताईसोबत गेलो तेव्हा काउंटरवर ओळखपत्र मागितलं, फॉर्म भरून घेतला आणि फोन बाहेर ठेवायला सांगितला. मला राग आला होता. पण यामागे आपल्याच राज्याचा इतिहास आहे.

सोनोग्राफी आली तशी ती मुलगी आहे का हे बघून गर्भ पाडण्यासाठीही वापरली जाऊ लागली. याविरुद्ध कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य महाराष्ट्र, साल १९८८. त्यानंतर १९९४ मध्ये संपूर्ण देशासाठी कायदा झाला, १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये आणखी कडक केला गेला. त्यामुळे :

• सेंटरमध्ये नोंदणी प्रमाणपत्र दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे. तसंच गर्भलिंग सांगितलं जात नाही, हा फलक स्थानिक भाषेत हवा. ते दिसत नसेल तर तिथून निघा.

• गर्भवतीसाठी एफ फॉर्म भरला जातो. नाव, पत्ता, आधीची मुलं, कोणत्या डॉक्टरांनी का पाठवलं, हे सगळं त्यात येतं. वाचून मगच सही करा.

• मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, खाणाखुणांनीसुद्धा नाही. सांगणाऱ्याला तर शिक्षा आहेच, पण तपासणी करवून घेणाऱ्या नातेवाइकांनाही पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

फोन बाहेर ठेवायला बऱ्याच ठिकाणी सांगतात ते याच काळजीपोटी. रील राहिली तरी चालेल!

फोनवर होणार नाही का हे सगळं?

हा प्रश्न मला हमखास विचारतात. बाळाचे ठोके ऐकवणारी अ‍ॅप असतात, ती खरी का? विचार करा, फोनचा माइक माणसाच्या कानाला ऐकू येणारे आवाज टिपायला बनवलेला आहे. प्रोब दशलक्षांत बोलतो. फोनकडे तो आवाज सोडायचीही सोय नाही आणि घ्यायचीही. त्यामुळे केवळ फोनवर सोनोग्राफी किंवा डॉपलर होत नाही. घरी वापरायचं छोटं डॉपलर यंत्र वेगळं मिळतं, पण त्यात आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा समजून निर्धास्त होण्याचा धोका असतो. बाळाची हालचाल कमी वाटली तर अ‍ॅप नाही, यंत्र नाही, सरळ दवाखाना.

तसा डॉपलर तुमच्या फोनमध्ये आहे बरं का! मॅपवर गाडीचा वेग दिसतो तेव्हा जीपीएसची चिप उपग्रहांच्या लहरींतला हाच फरक वापरते. पेट्झव्हालला जे समीकरण फार सोपं वाटलं होतं, ते आज आपल्या खिशात आहे.

शेवटी ताईचं काय झालं?

नाळेतला प्रवाह त्या दिवशी ठीक निघाला. तरी डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, कारण स्कॅन फक्त त्या दिवसाचं सांगतो. दुसऱ्या वेळी ताई पोहे खाऊन गेली, मी जुना रिपोर्ट फाइलला लावून घेतला आणि फोन न कुरकुरता बाहेर ठेवला. भाची वजनाने जरा कमी होती, पण ठणठणीत जन्मली.

तुमच्या घरात कुणाच्या चिठ्ठीवर डॉपलर दिसलं तर घाबरून जाऊ नका. डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा : कुठल्या रक्तवाहिनीचा आहे आणि त्यातून काय कळणार आहे? रिपोर्ट आला की फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी तो ज्यांनी स्कॅन लिहून दिला त्यांना दाखवा. सोनोग्राफी करणाऱ्याला चित्र दिसतं, पण तुमची सगळी कहाणी तुमच्या डॉक्टरांना माहीत असते.

ही माहिती सर्वसाधारण आहे, तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी ती वापरू नका. आणि तुमच्या घरीही कुणी उद्या उपाशीपोटी स्कॅनला निघालं असेल, तर त्यांना हा लेख आजच पाठवा.